स्वतः येऊन घ्यावे

गेवराई, शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

नोकरीला सहा दिवस झाले. आजपासून पुन्हा रोज लिहायचं ठरवलं आहे. आप्पांनी लावलेली ही सवय वर्षभरात सुटली होती. लहानपणी मी बोलताना अडखळायचे, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत त्यांनी मला शाळेत घातलंच नाही. सिरसाळ्याच्या आमच्या कापडदुकानात गल्ल्यामागे बसवून त्यांनीच शिकवलं. गजाच्या पट्टीवर गणित, ठाणांना लावलेल्या चिठ्ठ्यांवर वाचन. शेवटी, आज आपलं काय चुकलं याची एक ओळ लिहायची. काही चुकलेलं सापडलं नाही की मला जास्त भीती वाटायची. मग मी एखादी चूक बनवून लिहायचे.

आज बनवायची गरज नाही. आज महादेवाच्या मंडपात एका म्हातारीने मला पाणी विचारलं आणि मी आधी तिचं नाव विचारलं, यादीसाठी.

मंगळवारी दिवस मावळताना थडीवस्ती जाळली. अठरा घरं गेली, कडब्याच्या गंज्या गेल्या. गोदावरीच्या पात्रातून वाळू नेणारे टिप्पर या वस्तीतल्या बायकांनी बैलगाड्या आडव्या लावून आठवडाभर अडवले होते. विहिरी आटायला लागल्या म्हणून. पुरुष सगळे उसाच्या तोडीला कारखान्यांवर गेलेले. मागे राहिलेल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. शेजारच्या गावची आणि ठेकेदाराची मिळून चाळीसएक माणसं आली. सगळे जण अंधारातून पळत गेवराईच्या रस्त्याला लागले. आता गावाबाहेरच्या महादेव मंदिरात आहेत. बंकट गुरवांनी देवळाचा मंडप आणि ओवऱ्या उघडून दिल्या आहेत.

आमच्या मदतसंस्थेचे त्रिंबकराव म्हणाले, "कावेरी, बायकांचं बायकांना कळतं. तुला त्यासाठीच घेतलंय." मी "हो" म्हणाले. अडखळले नाही.

रविवार, १४ जानेवारी

मंदिरात एकूण चौसष्ट बायका आहेत असं त्या म्हणतात. मी मोजल्या तर अठ्ठावन्न भरल्या. उरलेल्या सहा आवाराच्या भिंतीबाहेर, जत्रेच्या गाड्या उभ्या करतात त्या छपराखाली बसल्या होत्या. मी फाटकातून हाक मारली, "थंडी आहे, आत या की."

एक जण हसली. "आमी सामान राखतो, ताई."

"कसलं सामान?"

"हाय की. भांडी हायेत चार."

त्रिंबकराव माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "बसू दे. उन्हाला बसल्यात." आम्ही आत आलो. त्यातली एक, निळ्या पातळाची, भिंतीला टेकून होती. तिने वर पाहिलंच नाही. रुसलेली असावी. घर जळाल्यावर कोणावर रुसायचं हेही कळत नसेल.

सोमवार, संक्रांत

उमाआत्याने तिळगूळ दिला. मी तिच्याकडेच राहते. मंदिरात घेऊन जाऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "ने. पण गोड बोला म्हणू नको त्यांना."

मंगळवार, १६ जानेवारी

आज एक काम बरं झालं, आणि ज्या रीतीने झालं त्याची लाज वाटते.

परवा ट्रक येणार आहे. त्रिंबकरावांनी मदतीची यादी वाचली: ज्वारी, तेल, घोंगड्या, कंदील, पातळं. मी विचारलं, "बायकांसाठी अजून काही?" ते म्हणाले, "पातळं आहेत की." मला जे म्हणायचं होतं ते तोंडातून निघेना. शेवटी मी चिठ्ठीवर लिहिलं: "दर महिन्याच्या अडचणीसाठी मऊ सुती कापड, प्रत्येकीला दोन वार. परकर दोन. साबण." चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी तिच्यावर बरोबरची खूण करून ठेवली होती. तेही माझ्याकडे न बघता दुसरं काहीतरी बोलत राहिले.

आमच्या लिंगायत घरी या चार दिवसांत कोणी बाजूला बसत नाही. गळ्यात लिंग असताना विटाळ कसला, असं आप्पा आईला म्हणायचे आणि ते आम्ही मुलींनीही ऐकलेलं होतं. एवढं मोकळं घर, तरी मी चिठ्ठी लिहिते.

एक नियम मात्र मी तोंडानेच सांगितला. बायकांचा संच बाईच्याच हातात द्यायचा. तिने स्वतः येऊन, स्वतःचा अंगठा देऊन घ्यायचा. सासूकडे नाही, दिराकडे नाही. नाहीतर पातळं बाजारात जातात आणि जिच्यासाठी ती आणली ती तशीच राहते. त्रिंबकराव म्हणाले, "डोकं आहे तुला." आनंद झाला. नंतर बराच वेळ तो आनंद बरोबर आहे का, याचा विचार केला.

गुरुवार, १८ जानेवारी

वाटप झालं. मंडपात नंदीच्या बाजूला टेबल लावलं होतं. मी यादी वाचत होते. शेजारी त्रिंबकराव होते आणि बंकट गुरव शाईची गादी धरून बसले होते. खांबाला पुठ्ठा टांगला होता. मीच लिहिला होता: "स्वतः येऊन घ्यावे." वाचता येणाऱ्या दोघीच होत्या, म्हणून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

एकदा कठोर व्हावं लागलं. चंद्रभागाबाई म्हणून पन्नाशीच्या आहेत. टिप्परांपुढे पहिली गाडी यांनीच आडवी लावली होती. त्यांनी स्वतःचा संच घेतला आणि बाजूला होईनात.

"माजं झालं. आता धाकल्या सुनंचं बी द्या. विमलचं."

"त्यांना पाठवा."

"ती येत न्हाई."

"का?"

"न्हाई येता येत तिला."

"आजारी आहेत का? परवा डॉक्टर आले होते, इथेच मंडपात बसले होते. दाखवलं नाहीत?"

"आजारी न्हाई. म्हंजी... द्या की ताई. मी का इकून खाणार हाय?"

रांगेत कोणीतरी हसलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "चंद्रभागे, दोन-दोन लुगडी नेसतीस का गं एकावर एक?" पुन्हा हशा. चंद्रभागाबाईंनी त्रिंबकरावांकडे पाहिलं, गुरवांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. एक क्षण मला काहीतरी वाटलं आणि माझे कान गरम झाले. मग मी पुढचं नाव वाचलं.

त्या जाईनात, म्हणून फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "ज्यांना हवं आहे त्यांनी स्वतः यावं. सगळ्यांना नियम एकच." आवाज फुटला नाही.

अठ्ठावन्न संच गेले. सहा जणी आल्या नाहीत. त्यांच्या नावापुढे "गरज नसावी" असं लिहिलं.

शुक्रवार, १९ जानेवारी

"गरज नसावी" खोडून "अनुपस्थित" लिहिलं. ते जास्त बरोबर आहे.

रविवार, २१ जानेवारी

पुण्याहून मदत देणाऱ्या मंडळाच्या बाई आल्या होत्या. बरोबर एक फोटोग्राफर. त्यांनी पुठ्ठ्याचा फोटो काढला. म्हणाल्या, "आम्ही कुठेकुठे जातो. मदत पुरुषांच्या हाती पडते आणि घरातल्या बाईपर्यंत पोचत नाही. इथे एका मुलीने हे ओळखलं." हा नियम त्या इतर ठिकाणीही लावणार आहेत. मी त्यावर दोन पानं लिहून द्यावीत म्हणाल्या.

त्यांच्या मोटारीपर्यंत गेले होते. छपराखाली आज पाच जणी होत्या, निळ्या पातळाची सोडून सगळ्या वेगळ्या. परवाच्या दोघी आत भाकरी थापताना दिसल्या. पाळी लावून सामान राखतात, शिस्त चांगली आहे. बाईंना तसं सांगितलं. त्यांनीही ते वहीत लिहून घेतलं.

मंगळवार, २३ जानेवारी

क्रमाने लिहिते.

दुपारी जेवायला घरी आले होते. आत्या भाकरी वाढत होती. "त्या बाहेर बसणाऱ्या आत आल्या का गं?"

"येतात-जातात. रोज वेगळ्या असतात. तीन-चार दिवसांनी बदलतात. सामान राखायला."

आत्याचा हात थांबला. "तीन-चार दिवसांनी."

"हो."

"देवळाच्या बाहेर."

मी भाकरी मोडत राहिले.

"कावेरी, तू बाईच हायस ना?"

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सिरसाळ्याला आमच्या शेजारची मंदा महिन्यातले चार दिवस ओट्यावर बसायची. मी तिच्याशी लांबून सागरगोटे खेळायचे. मला माहीत होतं. फक्त ते माझ्या अंगाला कधी लागलेलं नव्हतं. ज्या सहा जणींना त्याच दिवशी ते कापड हवं होतं, नेमक्या त्यांनाच मी देवाच्या दारात येऊन ते घ्यायला सांगितलं होतं.

आत्या म्हणाली, "आन कुणी एक बदलत न्हाई का?"

"निळ्या पातळाची आहे एक. पहिल्या दिवसापासून आहे."

"किती दिवस झाले?"

मी मोजले. "चौदा."

"चौदा दिवस कोण बसतं गं बाहेर?" तिने ताट तसंच सरकवलं आणि चपला घातल्या. मी मागून निघाले. ती थेट छपराखाली गेली.

निळ्या पातळाची ती विमल होती. आत्याने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "भाजतंय अंग." पातळ निळं होतं ते वरून. खाली गोणपाटाचे फाडलेले तुकडे होते आणि त्यांत चुलीतली राख बांधलेली होती. वास येत होता. मी तोंड फिरवलं. हेही लिहिते, कारण तिने ते पाहिलं.

चंद्रभागाबाई फाटकातून पळत आल्या. "पळताना पडली त्या रातीला. तिसरा म्हैना होता. आडव्या लावलेल्या गाड्यांपशीच गेलं. म्हनलं, बाहीर बसून हुईल नीट. मंग थांबंचना."

मी म्हणाले, "मला सांगायचं होतं."

"आलते की सांगाय. तुमच्या मेजापशी." मग हळू म्हणाल्या, "तितं बाप्ये बसलेले."

त्रिंबकरावांनी जीप आणली. बीडच्या दवाखान्यात नेलं. आत्या तिच्याजवळ बसली होती. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी.

बुधवार, २४ जानेवारी

जिवंत आहे. ताप उतरलेला नाही.

गुरुवार, २५ जानेवारी

चिठ्ठीचं आठवलं आणि झोपेतून उठून बसावं तसं झालं. मला जो शब्द त्रिंबकरावांसमोर, एकट्या त्रिंबकरावांसमोर, उच्चारता आला नाही म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले, तोच शब्द चंद्रभागाबाईंनी दोन पुरुष आणि सगळी रांग यांच्यासमोर म्हणावा यासाठी मी "का?" विचारलं. वर "आजारी आहेत का?" विचारलं. त्यांच्यापुढे चिठ्ठीसुद्धा नव्हती. असती तरी लिहिता येत नव्हतं.

शुक्रवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर त्रिंबकरावांना सांगितलं, पुण्याला पत्र लिहिते. नियम चुकीचा होता, त्याने काय झालं तेही लिहिते, आणि दुसरीकडे तो लावू नका म्हणून कळवते.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "दुसरा ट्रक अजून यायचाय, कावेरी. पत्र वाचून थांबवला तर? थोडं थांबून लिही."

"तोवर दुसरीकडे पुठ्ठा लागेल."

"नियम नाही चुकीचा. आपण टेबल चुकीच्या ठिकाणी लावलं. एवढंच लिही."

"आणि 'का' विचारलं ते?"

"तेव्हा मीही तिथेच होतो. मला कुठे कळलं? पण मी पुरुषमाणूस..." ते थांबले. पुढचं बोलायची गरजही नव्हती. त्यांना कळणार नाही म्हणूनच तर मला नोकरीवर घेतलं होतं.

संध्याकाळी पत्र लिहिलं. त्रिंबकरावांनी वाचलं, खाली स्वतःचीही सही केली, आणि ओठ घट्ट मिटून पाकिटाला गोंद लावला.

शनिवार, २७ जानेवारी

आज छपराखाली जमिनीवर पोतं अंथरलं. टेबल नाही, शाईची गादी नाही, त्रिंबकराव आणि गुरव दोघे रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर. सगळ्या बायका बाहेर आल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की तो नियम माझा होता. त्या सहा जणींना कापड मिळालं नाही ते माझ्यामुळे, आणि विमलला पाच दिवस उशीर झाला तोही माझ्यामुळे. पाठ करून गेले होते, तरी "विमल"वर अडखळले. लहानपणी अडखळायचे तशी.

कोणी हसलं नाही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आपलं आपुन येऊन घ्यायचं म्हनं. बाळंतीण येती का? पांगळी येती का? जिला लई गरज हाय ती कधी येती का, ताई?"

"नाही."

"मंग ज्या न्हाई आल्या त्यांचीच नावं आधी वाचायची. त्याला का शाळा लागती?"

दुसरी एक त्यांना म्हणाली, "जाऊ द्या, आत्याबाई. लेकरू हाय ते."

"लेकरू न्हाई ती. बावीस वर्साची घोडी हाय." मग मला म्हणाल्या, "बसा तितं. यादी धरा. नावं आमी सांगतो. बोलू नका."

मी बसले. यादी धरली. त्या एकेक नाव घेत होत्या, कोणाला काय हवं ते आपसांतच ठरवत होत्या, आणि मला माझ्या यादीतल्या अकरा गोष्टी चुकीच्या सापडल्या. दोघींना अंगावरचं पाजायचं होतं आणि चोळीच नव्हती. आंघोळीला आडोसा नव्हता, म्हणून तरुण पोरी अठरा दिवसांत एकदाही न्हाल्या नव्हत्या. पहाटे शेताकडे जाताना टिप्परवाल्यांची माणसं रस्त्यावर उभी राहतात, म्हणून सगळ्या मिळून एकदाच जातात आणि दिवसभर पाणी कमी पितात. हे सगळं पंधरा दिवस माझ्या हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी कोणी तक्रार केली नव्हती, आणि मीही वहीत "विशेष मागणी नाही" असं लिहिलं होतं.

मंगळवार, ३० जानेवारी

बीडला गेले. जाताना एस.टी.त दोनदा उतरावंसं वाटलं.

दाराशी विमलचा नवरा भेटला, धुळाजी. कारखान्यावर निरोप मिळाल्यावर आला आहे. हातांना उसाच्या पात्यांनी कापलेलं, डोळे लाल. माझं नाव कळताच हात जोडून पायाशीच वाकायला लागला. "तुमी जीप आणली म्हनून वाचली, ताई. आई सांगत हुती." चंद्रभागाबाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं. तो चहा आणायला गेला. मी त्याला जाऊ दिलं.

सिस्टर म्हणाल्या, धोका टळला. पुढे मूल होईल का, ते सांगता येत नाही. आठ-दहा दिवस आधी आणली असती तर साधं काम होतं.

विमल वीस वर्षांची असेल. खाटेवर आणखीच लहान दिसते. मी स्टूल ओढलं. मग तीच म्हणाली, "तुमचा आवाज आलता मला. त्या दिवशी. स्वतः यावं म्हनलात ते."

"हो."

"मी उठले हुते. फाटकापतुर आले. मंग म्हनलं, असल्या अंगानं कसं जावं देवाच्या दारात. म्हागं फिरले." तिने चादरीचा काठ बोटाला गुंडाळला. "आत आले असते तर चाललं असतं का, ताई?"

आमच्या घरचं उत्तर मला येत होतं. ते ओठावरही आलं. पण मी "चाललं असतं" म्हणाले असते तर सगळा दोष तिच्यावर गेला असता, फाटकातून मागे फिरली म्हणून. मी म्हणाले, "तुम्ही यायचंच नव्हतं. मी बाहेर यायचं होतं."

"मंग आला कावून न्हाई?"

रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं.

नियम होता, काम होतं, कळलं नाही, अशी तिन्ही उत्तरं मनात आली. तिन्ही अर्धवट खोटी होती. मी म्हणाले, "सासूबाई टेबलाशी उभ्या होत्या, खाली बघत होत्या, तेव्हा एक क्षण मला कळलं होतं, विमल. पण ते कळलंय असं त्या पुरुषांसमोर दाखवायची मला लाज वाटली. म्हणून मी पुढचं नाव वाचलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला बी लाजच वाटली. न्हाईतर हाक मारली असती."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मी. तसं काही झालं नाही. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. आमची लाज सारखी होती असं तिला म्हणायचं नव्हतं, आणि तसं समजायचा मला हक्क नाही. तिची तिलाच भोवली. माझीसुद्धा तिलाच भोवली.

धुळाजी कपबशी घेऊन आला. ती माझ्या हातात दिली आणि पुन्हा हात जोडू लागला. "तुमचे लई उपकार हायेत, ताई."

विमलने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तशीच म्हणाली, "त्यास्नी हात नका जोडू."

"कावून?"

"नका म्हनलं ना."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हात खाली घेतले. मग मी त्याला सांगितलं, पहिल्यापासून.